हार्परबाईंचं फाटक, तीन शैलींत

महेंद्रराव उबाळ्यांनी 'निरंक' लिहिलं आणि संगणकाने ते घेतलं नाही. सगळ्याची सुरुवात इथून झाली.

आता 'निरंक' हा शब्द ज्याला ठाऊक नाही, त्याने सरकारी कचेरीची पायरी चढलेलीच नसणार. काही नाही, काही झालं नाही आणि सांगण्यासारखंही काही नाही, हे सगळं या तीन अक्षरांत मावतं. वर ते शिक्क्यासकट शोभूनही दिसतं. शहापूरच्या लघु जलमापन उपविभागात महेंद्ररावांची सव्वीस वर्षं याच शब्दावर सुखात गेली होती. पूरहानी निरंक. प्रलंबित तक्रारी निरंक. वन्यप्राण्यांनी पळवलेली जलमापन उपकरणे (असाही एक तक्ता दरसाल जातो) निरंक. त्यामुळे 'कर्मचारी कलागुण माहिती प्रणाली' नावाचा नवा अर्ज आला आणि त्यात 'आपली कला' अशी चौकट दिसली, तेव्हा त्यांनी सवयीने काय सांगितलं असेल हे वेगळं सांगायला नको.

"भाऊसाहेब, निरंक घेत नाय हा," संगणकावर बसलेला जीवन म्हणाला. जीवन हा कचेरीतला सगळ्यात तरुण लिपिक. संगणक बिघडला की त्याला बोलावत आणि सुधारला की त्याच्यावर संशय घेत.

"मग 'इतर' कर."

जीवनने 'इतर' केलं. पडदा पांढरा झाला आणि अर्ज पहिल्यापासून भरावा लागला. आज संध्याकाळपर्यंत अर्ज गेला नाही तर महिन्याची हजेरी दिसणार नव्हती. गायन, नृत्य, नाट्य, रांगोळी, वाद्य. महेंद्ररावांनी यादी दोनदा वाचली आणि तिसऱ्यांदा वाचताना ते किंचित लाजले.

"म्हणजे, तसा मी बेंजो वाजवायचो."

हे खरं होतं. लग्नाआधी मुरबाडला असताना एका बेंजो पार्टीत त्यांनी दोन वर्षं बेंजो वाजवला होता. बेंजो म्हणजे आपला नेहमीचा. वरातीत हातगाडीवर असतो, टाइपरायटरसारखी बटणं दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. जयंतीच्या मिरवणुकीत महेंद्ररावांची बोटं चालू लागली की सरळगावपर्यंतची पोरं नाचायला यायची, असं त्यांच्या आई गोजाबाई अजून सांगतात.

जीवनने यादीत बॅन्जो शोधला. त्याच्यापुढे एकच प्रकार होता, ब्लूग्रास.

"ब्लूग्रास म्हंजे काय ओ?"

"कंपनी असेल," महेंद्रराव म्हणाले.

मग शैली. क्लॉहॅमर, थ्री-फिंगर, मेलडिक अशा तीन चौकटी होत्या. एकही खूण केली नाही तर लाल अक्षरं उमटत होती. महेंद्ररावांनी विचार केला, की आपण दोन्ही हात आणि झाडून सगळी बोटं वापरत होतो, मग उगाच कमीपणा कशाला घ्या? त्यांनी तिन्ही चौकटींत खुणा करवून घेतल्या. खाली 'वरील माहिती खोटी आढळल्यास मी शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र राहीन' असं होतं. त्यावर त्यांनी निर्धास्तपणे अंगठा टेकवला.

बाराव्या दिवशी पत्र आलं. ब्लूग्रास बॅन्जो या प्रकारात आपण विभागातील एकमेव नोंदणीकृत कलावंत असल्याने आपली थेट अंतिम फेरीसाठी निवड करण्यात येत आहे, तरी आपण एकच ब्लूग्रास धून तिन्ही शैलींत सादर करावी, स्थळ मुरबाड, अवधी सहा आठवडे.

'कलावंत' हा शब्द महेंद्ररावांनी पत्नीला, वंदनाबाईंना, दोनदा वाचून दाखवला. वंदनाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. त्यांनी तो इमारतीत चार मजल्यांना वाचून दाखवला. तळमजल्यावरचे निवृत्त कवायत शिक्षक नथू मास्तर हार घेऊन वर आले. हार गळ्यात असतानाच जीवनचा फोन आला.

"भाऊसाहेब, मी मोबाइलवर सहज बगितला. तुमी जरा बसून घ्या."

"मी बसलेलोच आहे."

"मग टेकून बसा."

जीवनने एक चलच्चित्र पाठवलं. त्यात टोपीवाला एक गोरा मनुष्य चाळणीला दांडा लावल्यासारखं काहीतरी मांडीवर घेऊन बसला होता. त्याची बोटं दिसत नव्हती, इतकी ती पळत होती. बटणं कुठेही नव्हती. महेंद्ररावांनी मोबाइल उलटा करून पाहिला, की बटणं मागच्या बाजूला असतील. मग त्यांनी गळ्यातला हार हळूच काढला आणि पत्राशेजारी ठेवला.

"मास्तर," ते नथू मास्तरांना म्हणाले, "हा बेंजो तो बेंजो नाही."

दुसऱ्या दिवशी ते उपअभियंता रंजिता मॅडमपुढे उभे राहिले. मॅडम त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. सगळं ऐकून घेताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"म्हणजे माघार घ्यायची? तर मग 'मी दिलेली माहिती खोटी होती' असं लेखी द्या."

"खोटी नव्हती मॅडम. शब्द एक, वस्तू दोन."

"उबाळे, तुमची अधीक्षकपदाची फाइल वर गेलीय. तिच्यावर हा कागद बसला की ती वरून खाली येईल, आणि खाली आलेली फाइल काय असते ते तुम्हालाच जास्त माहीत." मॅडम जरा थांबल्या आणि अगदी सरळपणे म्हणाल्या, "सहा आठवडे आहेत. शिका ना."

शिका ना! जणू पोळी उलटा ना. महेंद्रराव एक्कावन्न वर्षांचे होते आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या हाताला शिक्का मारण्यापलीकडे ताल ठाऊक नव्हता.

इमारतीत सल्ल्यांना तोटा नव्हता. नथू मास्तर म्हणाले, सगळी वाद्यं सा पासूनच सुरू होतात, तेव्हा एकदा सा सापडला की निम्मं काम झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वैद्यकीय रजा सुचवली आणि तिच्यासाठी हाताचं कोणतं हाड मोडून घेणं सोयीचं पडेल, तेही सांगितलं. गोजाबाईंचं म्हणणं असं, की म्हेंदरला लहानपणापासून कुणी काही म्हटलं की हो म्हणायची खोड, त्याला संगणक तरी काय करणार? मुख्य अडचण मात्र वेगळीच होती. वाद्य आणायचं कुठून? कल्याणच्या वाद्यांच्या दुकानात मालकाने चित्र पाहिलं आणि विचारलं, "ही सतार भोपळा कापल्यानंतरची आहे का?" मागवायला तीन महिने लागतील म्हणाला.

शेवटी जीवननेच शोध लावला. मुरबाडजवळच्या म्हसा गावाच्या पुढे डोंगराच्या कडेला कुणा मुंबईच्या शेटचं फार्महाऊस होतं. मित्राच्या लग्नाआधीचे फोटो काढायला जीवन तिथे गेला होता, तेव्हा दिवाणखान्यात हरणाच्या लाकडी मुंडक्याखाली अस्साच बेंजो टांगलेला त्याने पाहिला होता.

शनिवारी महेंद्रराव किन्हवलीवरून मुरबाडला आणि मुरबाडहून म्हशाला गेले. दोन एसट्या, एक टमटम आणि अर्धा तास चढण. फाटकाशी चांगो मेंगाळ भेटला. हा तिथला राखणदार. वाडीतली स्वतःची भातशेती करून फार्महाऊस सांभाळायचा. सरकारी माणूस आणि तोही भिंतीवरच्या वस्तूची चौकशी करतोय म्हटल्यावर त्याने आधी हात जोडले.

"सायब, हरणाचा मुंडका लाकडाचा हाय. आमी फॉरेस्टवाल्यांना दाखवलाय."

"मला हरीण नको. मला त्याच्याखालचं पाहिजे."

चांगोने शेटला फोन लावला. शेट म्हणाला, वाजवायचं तर तिथेच बसून वाजवा, वस्तू फाटकाबाहेर जाता कामा नये. मग चांगोने स्टुलावर चढून वाद्य उतरवलं आणि महेंद्ररावांच्या मांडीवर तान्हं मूल द्यावं तसं ठेवलं. वजन चांगलं होतं. गोल, पांढऱ्या पडद्याचं, पुढे लांब मान. तारा पाच, त्यातली पाचवी मध्येच मानेवरून फुटल्यासारखी अर्धवट. महेंद्ररावांनी मनोमन सा आठवला आणि पाची तारांवरून एकदम हात फिरवला.

फडताळातून ताटल्यांची चवड कोसळावी तसा आवाज झाला. आतल्या खोलीतून बाईमाणसाचा आवाज त्याहून मोठा आला.

"आवो, तिचा गळा नका दाबू! सोडा ती मान!"

पदराला हात पुशीत एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, काटक, गुडघ्यापर्यंत लुगडं. ही चांगोची बायको जया. तिने महेंद्ररावांच्या हातातून वाद्य काढून घेतलं, जमिनीवर मांडी घातली, एकेक खुंटी पिळत कान लावला, आणि वाजवू लागली.

महेंद्रराव कोचाच्या कडेवर होते; ते खाली जमिनीवर कधी आले ते त्यांना कळलं नाही. मोबाइलमधल्या टोपीवाल्याचीच ती धून होती की तिची बहीण, देव जाणे. पण ती तशीच पळत होती, तशीच वळत होती, आणि मधूनच ती अर्धवट तार टणकन हसत होती. वाजवून झाल्यावर जयाने वाद्य बाजूला ठेवलं आणि चुलीवर भात लागेल म्हणून आत निघाली.

"बाई! अहो बाई! तुम्ही... हे कुठे..."

"येसलीबाबा," ती म्हणाली, जणू त्यात सगळं आलं.

बाकीचं चांगोने सांगितलं. करोनात सगळं बंद झालं तेव्हा शेटचा वेस्ली नावाचा म्हातारा गोरा पाहुणा या फार्महाऊसवर सात महिने अडकला. हा बेंजो त्याचाच. त्याला दुसरा उद्योग नव्हता आणि याच्याखेरीज दुसरी धूनही बहुतेक आवडत नव्हती. सकाळी तीच एका तऱ्हेने, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. जया झाडलोट करताना ऐकायची. एक दिवस पुसायला म्हणून वाद्य हातात घेतलं आणि दोन सूर अचूक काढले, तेव्हा म्हातारा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत अंगणभर फिरला. मग रोज शिकवू लागला. त्याचं इंग्रजी तिला येत नव्हतं आणि तिचं बोलणं त्याला, त्यामुळे भांडण कधी झालं नाही. जाताना तो वाद्य तिच्यासाठी ठेवून गेला. शेटने ते भिंतीवर टांगलं.

"धुनेचं नाव काय?" महेंद्ररावांनी विचारलं.

"हारपरबाईचा फाटक," जया आतून म्हणाली. "कोन बाई व्हती त्यांचे गावात. तिचा फाटक लागत नव्हता."

तिन्ही शैली तिला येत होत्या, फक्त नावं तिची तिने ठेवलेली. क्लॉहॅमर म्हणजे 'कोंबडी', कारण त्यात बोट कोंबडीने उकिरडा उकरावा तसं नखाने खाली ओढायचं. थ्री-फिंगर म्हणजे 'दानं टिपनं'. अंगठा आणि दोन बोटं पाळीपाळीने दाणे टिपत जातात. आणि मेलडिक म्हणजे 'व्हाळ', कारण त्यात सूर कुठे न अडखळता ओहोळासारखे एकामागून एक उतरतात. महेंद्ररावांनी हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेणं एवढंच त्यांना त्या दिवशी जमलं.

त्यानंतरचे शनिवार आणि रविवार हा महेंद्ररावांच्या स्वाभिमानाचा सलग अंत होता. जया शिकवताना कुणाची भीड ठेवत नसे. "तुमचा आंगठा सरकारी हाय," तिने दुसऱ्याच दिवशी निदान केलं. "दोन बोटा कवाच पोचतात, तो मागून येतो. आला तं आला." सहीचे अधिकार असलेल्या अंगठ्याबद्दल हे ऐकून महेंद्ररावांना इतका धक्का बसला की ते चहा घ्यायलाही थांबले नाहीत, पण टमटम नव्हती म्हणून परत आले.

'कोंबडी'साठी नख वाढवावं लागलं. कचेरीत वरिष्ठ लिपिकाचं एकच नख वाढलेलं पाहून आवक-जावकच्या मालूताईंनी काळजीने विचारलं, की कुठला नवस बोललात का? घरी सरावाला वाद्य नव्हतं, म्हणून त्यांनी वंदनाबाईंच्या पुरणाच्या चाळणीला पाच रबरं ताणून बसवली. रबरं सुटून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली नथू मास्तरांच्या चहात पडली. सा शोधा म्हणणाऱ्या याच मास्तरांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली: 'अज्ञात वाद्याचा अज्ञात आवाज, तसेच रबरे.' सोसायटीने महेंद्ररावांकडे खुलासा मागितला. खुलासा लिहिण्यात त्यांची एक संध्याकाळ अतिशय आनंदात गेली. त्या आठवड्यातलं तेवढंच एक काम त्यांना येत होतं.

"दर शनिवारी म्हसा, दर शनिवारी जयाबाई," चौथ्या आठवड्यात वंदनाबाई म्हणाल्या. "मी पण येते."

त्या आल्या. दोघी बायकांचं पाच मिनिटांत जमलं. महेंद्रराव अंगणात अंगठ्याला समज देत बसले होते, तेवढ्यात आतून 'कोंबडी' ऐकू आली. जयाची नव्हे, अंमळ हळू, पण सरळ चालीची. त्यांनी डोकावून पाहिलं. वंदनाबाई डोळे मिटून वाजवत होत्या.

"सोपं आहे हो," त्या म्हणाल्या. "भाकरी थापतो तसा हात सैल सोडायचा."

महेंद्रराव जाऊन फाटकाशी उभे राहिले आणि हवेत भाकरी थापून पाहू लागले.

स्पर्धेला आठ दिवस राहिले तेव्हा त्यांची 'कोंबडी' पुरी बसली होती, 'दाणे' निम्मे टिपून होत होते आणि 'व्हाळ' कोरडा होता. शेट वाद्य स्पर्धेसाठी न्यायला कबूल झाला, पण चांगो आणि जयाने ते क्षणभरही नजरेआड करायचं नाही या अटीवर. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिघं वाद्य चादरीत गुंडाळून मुरबाडला निघाले, ते नेमके म्हशाच्या जत्रेत सापडले. रस्ता बैलांनी भरलेला. एसटी तर सोडाच, टमटमवालाही हात जोडून बाजूला झाला. चालत बाजार ओलांडायचा ठरला. घोंगड्यांच्या पालांशी चांगोला चहाची तल्लफ आली. चादरीतलं वाद्य महेंद्ररावांनी बाकाच्या टोकाला नीट आडवं ठेवलं आणि खिशात हात घातला.

एवढ्यात नवी घोंगडी खांद्यावर टाकलेले एक भारदस्त आजोबा आले, बाकावर मऊ बैठक दिसली म्हणून समाधानाने हुश्श केलं, आणि बसले.

फाट् असा आवाज झाला.

  आजोबा तटकन उठले आणि दोन्ही हातांनी मागून धोतर चाचपू लागले.

"काय फाटला गो माझा?" त्यांनी घोगऱ्या आवाजात जयालाच विचारलं.

"तुमचा नाय बाबा," जया म्हणाली. "आमचा."

चादर उघडली. पांढऱ्या पडद्याला मधोमध आजोबांच्या बैठकीचा ठसा होता आणि त्यातून हात आरपार जात होता. महेंद्रराव खाली बसले. डोक्यात एकदम सगळं आलं: शेट, चांगोची नोकरी, वर गेलेली फाइल, आणि तो कुणी येसलीबाबा, ज्याला त्यांनी पाहिलंही नव्हतं. चांगो तर रडायलाच लागला. आजोबाही बाजूला उभे राहून सोबत म्हणून डोळे पुसू लागले. जया मात्र पडद्याच्या कडा बोटाने दाबून पाहत होती.

"ह्या तं ढोलकीसारखाच हाय," ती म्हणाली. "उठा. ढोलकीवाला बघा."

जत्रेत ढोलकीवाले तीन होते. दोघांनी वाद्य पाहून नमस्कार केला. तिसऱ्याने ते उलटसुलट केलं, कानाशी धरलं, आणि तासाभरात त्याच्यावर बकऱ्याचं कातडं मढवून दिलं. जयाने तारा चढवल्या. आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. पत्र्याचा खणखणाट गेला होता आणि आतून कुणीतरी बोलल्यासारखा खोल नाद आला होता. आजोबा पहिला सूर ऐकून म्हणाले, "मी बसलो ता बराच झाला म्हना." 

मुरबाडच्या सभागृहात स्पर्धेच्या दिवशी सहाशे कर्मचारी होते. महेंद्ररावांआधी एका अव्वल कारकुनाने पोवाडा म्हटला आणि एका कृषी सहायकाने कोंबड्याचा हुबेहूब आवाज काढला, त्याला वन्समोअर मिळाला. पहिल्या रांगेत रंजिता मॅडम होत्या. तिसऱ्या रांगेत वंदनाबाई, शेजारी जया, आणि मोकळी चादर मांडीवर घट्ट धरून चांगो. मंचावर तीन परीक्षक होते. त्यातले एक तबल्याचे गुरुजी, एक नृत्याच्या बाई, आणि मधोमध अध्यक्षसाहेब. या खात्यात कोणतीही गोष्ट त्यांच्याशिवाय पुढे सरकत नसे.

महेंद्ररावांनी 'कोंबडी' वाजवली. कशी वाजवली ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. शेवटचा सूर संपला तेव्हा सभागृह गप्प होतं. हे संपलं की अजून वाद्य जुळवणं चाललंय, हेच लोकांना ठरवता येत नव्हतं. मग टाळ्या झाल्या. महेंद्ररावांनी बोटांत येसलीबाबाच्या लोखंडी नख्या चढवल्या आणि 'दाणे' सुरू केले. पहिली चार घरं नीट गेली. पाचव्याला अंगठा आला नाही. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पाचव्याला बोटं पुढे आणि अंगठा जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला ते थांबले.

आता इथे नमस्कार करून खाली उतरता आलं असतं. घसा बसला, तार तुटली, भोवळ आली, असं काहीही सांगता आलं असतं. महेंद्रराव उभे राहिले आणि ध्वनिक्षेपकात म्हणाले, "उरलेली दीड शैली मला येत नाही."

सहाशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. सरकारी माणूस ध्वनिक्षेपकात 'येत नाही' म्हणतोय, हे त्या सभागृहाने कधी ऐकलं नव्हतं. रंजिता मॅडमनी कपाळाला हात लावला.

"मग अर्जात तीन खुणा कशा?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"चुकून झाल्या साहेब. बेंजो म्हणजे मला बटणांचा वाटला. सहा आठवड्यांत जेवढं जमलं तेवढं शिकलो. पण ज्यांनी शिकवलं त्यांना तिन्ही येतात, आणि त्या इथे बसल्या आहेत. जयाबाई मेंगाळ."

जया खुर्चीखाली लपायला बघत होती. वंदनाबाईंनी तिचं मनगट धरून ठेवलं होतं.

"त्या कोणत्या कार्यालयात आहेत?"

"कोणत्याच नाही."

"मग नियमात बसत नाही," अध्यक्षसाहेब म्हणाले आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

महेंद्ररावांना काय झालं कोण जाणे. एरवी साहेबांनी कागद ओढला की ते बाजूला होत. आज त्यांनी खिशातून स्पर्धेचं पत्र काढलं.

"साहेब, एक शंका. या पत्रावर नाव आपलं आहे. सही कोणाची?"

साहेबांनी चष्मा चढवला. पत्राखाली त्यांचं नाव होतं आणि त्यावर कुणा लिपिकाची वळणदार सही, अलीकडे 'करिता'.

"ही... माझ्याकरिता केलेली आहे."

"आपल्याकरिता लिपिकाने केलेली सही चालते. मग माझ्याकरिता यांनी वाजवलेलं का चालू नये?"

मागच्या रांगांतून आधी एक हसू फुटलं, मग दहा, मग आख्खं सभागृह. त्यात बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी कुणाकरिता सही करून चुकला होता. साहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, नियमांचं पुस्तक चाळलं. 'करिता'च्या विरोधात त्यात काही नव्हतं. तसा नियम असता तर खातंच बंद पडलं असतं.

"वाजवू द्या," ते म्हणाले.

जया मंचावर आली, खुर्ची बाजूला सारली आणि खाली मांडी घातली. ध्वनिक्षेपक वाकवावा लागला. तिने पुढे पाहिलंच नाही. 'दाणे' सुरू झाले तसे तबल्याच्या गुरुजींनी हातातली लेखणी टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने ती गडगडत खाली पडली आणि कुणी उचलली नाही. बकऱ्याच्या कातड्यातून तो परमुलखातला सूर असा घुमत होता, जणू डोंगरापलीकडच्या वाडीतच तो जन्मला असावा. मग कुठे जोड दिसू न देता 'व्हाळ' आला. हार्परबाईंचं न लागणारं फाटक वाऱ्यावर उघडत होतं, मिटत होतं. चांगोच्या मांडीवरून चादर घसरली. वंदनाबाई रडत होत्या. आणि महेंद्रराव बाजूच्या पडद्याला टेकून, तोंडाचा आ तसाच ठेवून ऐकत होते. गेले सहा आठवडे आपल्यापुढे किती कमी वाजवून दाखवत होती ही बाई, हे त्यांना तेव्हा कळलं.

टाळ्या थांबायला वेळ लागला. जया उठली आणि पहिली गोष्ट तिने विचारली ती म्हशाची शेवटची एसटी किती वाजता आहे ही.

निकाल लागला. ब्लूग्रास बॅन्जो: द्वितीय क्रमांक, महेंद्र उबाळे.

"स्पर्धक एकच होता ना?" वंदनाबाईंनी मोठ्याने विचारलं. "मग पहिला कोण?"

"पहिल्या क्रमांकास पात्र कोणी आढळले नाही," उत्तर आलं. नियमात तसंच होतं. प्रत्यक्ष कर्मचाऱ्याने पुरं केल्याशिवाय पहिला क्रमांक नाही.

प्रमाणपत्र हातात पडलं तेव्हा जयाने ते उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नव्हतं तिला, पण स्वतःचं नाव ओळखता येत होतं.

"माझा नाव कुठं हाय?"

ते नव्हतं. महेंद्ररावांनी अध्यक्षसाहेबांच्या टेबलावर कागद ठेवला, त्यांच्याच समोरचं पेन उचललं आणि छापील नावाखाली ठळक, गोल अक्षरांत लिहिलं: 'श्रीमती जया चांगो मेंगाळ यांच्याकरिता स्वीकारले.' खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद तिला दिला. साहेब आपलं पेन शोधत राहिले. सरकारी प्रमाणपत्रावर त्यांच्यादेखत कुणी लिहिलं, हे त्यांना खरंच वाटेना.

पुढचे पंधरा दिवस महेंद्रराव नोटिशीची वाट पाहत होते. फाइल खाली येणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. रंजिता मॅडमनी त्यांच्याकडून घडल्या प्रकाराचा अहवाल मागवला. त्यांनी तो सहा पानी दिला आणि एक अक्षर लपवलं नाही. मॅडमनी तो वाचला, शेवटी स्वतः दोन ओळी लिहिल्या आणि वर पाठवून दिला. काय लिहिलं ते सांगितलं नाही.

वरून पत्र आलं ते महेंद्ररावांनी घरी आणूनच उघडलं. कचेरीत उघडण्याची हिंमत नव्हती. वंदनाबाई आणि गोजाबाई दोन बाजूंना उभ्या होत्या. पत्रात लिहिलं होतं, की सदर कर्मचाऱ्याने एक व अर्धी शैली अवगत असल्याचे प्रत्यक्ष सिद्ध केले असल्याने दिलेली माहिती पूर्णतः खोटी म्हणता येत नाही. सबब शिस्तभंगाची कारवाई करण्यात येत नाही. तथापि उर्वरित दीड शैली सदर कर्मचाऱ्याने सहा महिन्यांत आत्मसात करून तसा पूर्तता अहवाल सादर करावा. तोपर्यंत अधीक्षकपदाचा प्रस्ताव प्रलंबित ठेवण्यात येत आहे.

गोजाबाईंनी कपाळाला हात लावला. वंदनाबाई तर भडकल्याच.

"हा काय न्याय झाला? बढती बेंजोवर अडकवायची? अपील करा तुम्ही. आजच्या आज करा."

महेंद्ररावांनी पत्र आणखी एकदा, हळूहळू वाचलं. मग ते उठले, टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला, आणि वंदनाबाई खांद्यावरून वाकून पाहत होत्या तेव्हा नेहमीच्या गोल अक्षरांत त्यांनी मथळा घातला:

'विषय: उर्वरित दीड शैलीकरिता सहा महिने अपुरे असल्याने दोन वर्षांची मुदतवाढ मिळणेबाबत.'